तिसऱ्या निकालानंतरचा कौल

पाकळी पडत नव्हती.

दाजी गुरवांनी सकाळीच दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला लावल्या होत्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी सुटली की हो, डावी सुटली की नाही. हे मी लहानपणापासून बघत आले होते. कुणाचं लग्न असो, विहिरीची जागा असो, हरवलेली म्हैस असो, पाणी सुकायला लागलं की दोहोंतली एक पाकळी घरंगळायचीच. पण त्या दिवशी उन्हाची पट्टी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून मागे सरत सभामंडपाच्या मधल्या खांबापर्यंत गेली, पाकळ्यांवरचं पाणी कधीच वाळलं, कडा तपकिरी होऊन आत वळल्या, तरी दोन्ही जागच्या हलल्या नाहीत.

वारा नव्हता. तरी समईची ज्योत एका बाजूला झुकून राहिली होती, कुणीतरी शेजारी बसून श्वास घेत असल्यासारखी.

"बा देवा रवळनाथा," दाजींनी पुन्हा हात जोडले, "ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. तीन वर्सां परीक्षेक बसता आणि तीनय वर्सां एकच आकडो घेवन परत येता. तेच्या वाटेर जा काय आडवा पडला असात, कोणाची नदर, कोणाचो शब्द, ता बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मंडपातली चार माणसं म्हणाली.

"औंदा परत बसाचा असात तर उजवी दे. नसात तर डावी दे. पण मुको रवा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

देव मुकाच राहिला. आमच्या शेजारचे गंगारामकाका खांबाला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "देवाकय पेपर कठीण गेलोसो दिसता."

कुणी हसलं नाही. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई माझ्या मागे भिंतीला धरून बसली होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणताना तिचा आवाज मला एकदाही ऐकू आला नव्हता.

*

परीक्षा 'गेट'ची. इंजिनियरिंग झाल्यावर एम.टेक.ला चांगल्या ठिकाणी जायचं तर ती द्यावी लागते. मला पाण्याचं शिकायचं होतं. आमच्या वाडीतल्या विहिरी एकामागून एक खारट होत चालल्या होत्या. खाडी जमिनीखालून आत येत होती, डोळ्यांना न दिसता, आणि ती कुठून येते, कशी थोपवायची, हे मला शिकायचं होतं. सिव्हिलची पदवी हातात होती, तालुक्याला एका कंत्राटदाराकडे गटारांची मापं काढायची नोकरी होती, आणि रात्री अभ्यास.

पहिल्या वर्षी शंभरात सदतीस पॉइंट सहासष्ट पडले. पुरेसे नव्हते. दुसऱ्या वर्षी निकालाचं पान उघडलं आणि मला वाटलं, कॉम्प्युटरने जुनंच पान दाखवलं. सदतीस पॉइंट सहासष्ट. सायबर कॅफेतून कागद छापून घरी आणला. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आकडे वाचायची त्यांना सवय. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"गेल्या वर्सचोच कागद परत काढलंस काय गो?"

"बाबा, वरती साल बघा."

त्यांनी साल बघितलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला, बिघडलेला सुटा भाग ठेवतात तसा.

तिसऱ्या वर्षी मी कागद छापलाच नाही. स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि खुर्चीत बसून राहिले. बाहेर दुकानवाला कुणाशी तरी बोलत होता, रस्त्यावरून एसटी गेली, सगळं होतं तसंच चाललं होतं, आणि माझ्यासमोर तोच आकडा, तिसऱ्यांदा. नापास होणं कळतं. थोडं कमी पडणं, थोडं जास्त पडणं, तेही कळतं. पण वेगळी प्रश्नपत्रिका, वेगळा वर्ग, वेगळी पेन्सिल, आणि दर वेळी कुणीतरी मला त्याच पायरीवर आणून उभं करतंय, याचं काय करायचं?

घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातली पळी चुलीवरच्या भांड्यात पडली. कालवण उडून तिच्या मनगटावर आलं. ती पुसायचं विसरली.

"तोच?" तिने विचारलं.

"तोच."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "ह्या आता माणसाच्या हातातला नाय. देवाकडे जावया. उजवी पडली तर आणखी एक वर्स बस, मी काय बोलाचंय नाय. डावी पडली तर मे म्हयन्यात स्थळां बघूची. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले. मला तेव्हा कुणीतरी दुसऱ्याने ठरवायला हवं होतं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

पहिल्या वर्षी परीक्षेचं केंद्र गोव्यात होतं, एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या बंद होत्या. पेपर अर्ध्यावर आला असेल. झिरपत्या पाण्याच्या एका गणितापाशी मी अडले, आणि मागून हाक आली.

"शरूऽऽऽ गेऽऽऽ"

आईची हाक. लहानपणी ओहोटीला मी खाडीच्या चिखलात शिंपले वेचत बसायचे आणि तिन्हीसांजेला ती मागीलदारी उभी राहून अशीच हाक घालायची. शेवटचा स्वर पाण्यावरून लांबत यायचा आणि माझ्यापाशी येऊन थांबायचा. वाकून मला बघतोय असं वाटायचं. कधी तिला लहर आली तर हाकेआधी ओवी असायची:

दिवेलागण गं झाली, पाखरू आलं झाडावरी,
माझं पाखरू गं कुठं, उभी मी बाई दारावरी.

मी परीक्षेच्या वर्गात वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक मुलगा खाली मान घालून लिहीत होता. पर्यवेक्षक म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या पेपरात बघा." मी बघितलं. आकडे तेच होते, पण त्यांचा अर्थ गेला होता. मी त्या गणितापाशी बसून राहिले. पुन्हा घड्याळाकडे पाहिलं तेव्हा वेळ संपत आली होती.

दुसऱ्या वर्षी मी कानात कापूस घातला. हाक कापसाच्या आतून आली.

तिसऱ्या वर्षी मी वाटच बघत होते. आणि ती आली, तितक्याच मायेनं, तितकीच लांबत. माझे हात मांडीवर गेले, चिखल पुसायला जावेत तसे.

*

दुपार कलली. दाजींनी घंटा वाजवायचं थांबवलं. ते मागे सरकून बसले आणि देवाकडे पाठ होऊ न देता, जरा कलते होऊन, पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून बोलले.

"भाऊ, ह्या असा माझ्या बापसाच्या वेळेक एकदाच झाला होता. देव बोलणा नाय म्हणजे तेच्याकडे आधीच कोणाचा तरी गाऱ्हाणा पडला हा. ह्याच लेकराबद्दल. ह्याच्या उलट. दोन शब्द समोरासमोर इले, तर देव तरी कोणाचा ऐकतलो?"

"उलट?" बाबा म्हणाले. "ह्या पोराच्या वाईटावर कोण आसा?"

"वाईटावर म्हणान मी म्हणाक नाय," दाजी म्हणाले. "मी उलट म्हटलंय. आणि ज्या तोंडान घातला, त्याच तोंडान काढूक होया. मी काढूक शकणंय नाय."

देवळामागे पिंपळ आहे, त्याची पानं बिनवाऱ्याचीसुद्धा वाजतात. ती आता वाजत नव्हती. मी पाकळ्यांकडे बघत होते. मला वाटलं, पाकळ्या चिकटलेल्या नाहीत. त्यांना आतून कुणीतरी धरून ठेवलंय.

मागे बांगड्या वाजल्या. आई उठली होती.

"मी घातलंय," ती म्हणाली.

बाबांनी मान वळवली. "काय घातलंस?"

"गाऱ्हाणा." ती पुढे आली, माझ्या अंगावरून, माझ्याकडे न बघता, आणि पाषाणासमोर उभी राहिली. "पैल्या वर्सा. ही पेपराक गेली तेच्या आदल्या दिसा. मी एकटीच इलंय हय. म्हटलंय, म्हाराजा, एक झिल खाडयेपलीकडे गेलो तो फोनात रवलो. ह्या चेडवाक तरी माझ्या डोळ्यासमोर ठेव. ह्येका पलीकडे जाव दिव नको."

माझा भाऊ उदय हैदराबादला शिकायला गेला, तिथेच राहिला. गणपतीला फोन यायचा. पहिल्यांदा तो स्वतः बोलायचा, मग त्याची बायको, मग नुसतं "सगळे बरे ना?" आणि मागे टीव्हीचा आवाज. आई फोन ठेवल्यावर बराच वेळ तो कानाशी धरून बसायची.

"रुक्मिणी," बाबा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून आईचं नाव फार क्वचित ऐकलं होतं.

"माका बोलाक देवा." आईने हात जोडले नव्हते. हात खाली लोंबत होते. "तेवढ्यार भागला नाय. पेपराच्या दिसा माझा मन ऱ्हवाना. मागीलदारी गेलंय, खाडयेकडे तोंड केलंय, आणि हाक मारलंय. लहान असताना मारी तशीच. दुसऱ्या वर्सायव मारलंय. तिसऱ्या वर्सायव. माका म्हायत नव्हता काय होता ता. माका वाटला, मारल्याशिवाय ती परत येवची नाय."

गोव्यापासून आमचं मागीलदार किती लांब! मध्ये तेरेखोलची खाडी, डोंगर, आंब्याच्या बागा, बंद खिडक्या, कापूस.

"आता काढतंय," आई देवाला म्हणाली. "माझो शब्द माका परत दी. जावंदे तेका."

आम्ही सगळे पाषाणाकडे बघत राहिलो. ज्योत सरळ झाली. पाकळ्या मात्र तशाच.

मग दाजींनी प्रश्न बदलला. आवाज आता गाऱ्हाण्याचा नव्हता, शेजाऱ्याशी बोलावं तसा साधा होता.

"म्हाराजा, ह्या आवशीच्या शब्दान लेकराची वाट अडली काय, तेवढा सांग. अडली असात तर उजवी दे. नसात तर डावी दे."

आईने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते. तिने आयुष्यात काही मागितलं असेल तर तेव्हा ती डावी पाकळी मागत होती.

काहीच पडलं नाही.

दाजी माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे पिकलेल्या फणसाच्या रंगाचे होते, आणि त्यांना खूप दूरचं दिसत असावं असं मला नेहमी वाटायचं.

"शरू बाय, देव तुझ्यासाठी थांबलो हा. तू सांग. परीक्षेत तुका काय ऐकाक इला?"

"माका?"

"व्हय. हाक ऐकाक इली काय?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बाबांचं तोंड मी कधी विसरणार नाही. त्यांना 'हो' ऐकायचं होतं. एवढा चांगला माणूस, पण त्या क्षणी त्यांना त्या 'हो'ची भूक लागली होती. मग त्यांची मुलगी मठ्ठ नव्हती. मग गावात मान खाली घालायचं कारण नव्हतं. आणि मलाही. तीन वर्षं उशाखाली दगड ठेवून झोपावं तसा तो आकडा घेऊन मी झोपत होते. एका शब्दाने तो माझा राहिला नसता. आणि शब्द खरा होता.

पण तो दगड जाणार कुठे, ते समोर उभं होतं. हात लोंबत, डोळे मिटून. ती पुढे जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं मागीलदारी जाताना तो तिच्या पायात येईल.

आणि खरंच, मला नक्की काय माहीत होतं? हाक आली म्हणून मी अडत होते? दर वेळी मी आधी अडले होते. हाक त्यानंतर आली होती.

"नाय," मी म्हणाले. "माका काय ऐकाक येवक नाय. पेपर कठीण होतो. माका जमाक नाय."

डावी पाकळी पडली.

वाळलेली पाकळी ती, तिचा कसला आवाज येणार? पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. गंगारामकाका खांबापासून दचकून सरळ झाले. आईच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि ती मटकन खाली बसली. बाबांनी तिला धरलं.

दाजींनी पाकळी उचलली नाही. ते माझ्याकडेच बघत होते. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "देवान तुझा ऐकल्यान."

मला ते शब्द अजूनही समजलेले नाहीत. देवाला खरं माहीत नव्हतं, की माहीत असून त्याने माझी बाजू घेतली?

"मगे पैल्या सवालाचा काय?" बाबांनी विचारलं. "बसाचा की नाय?"

"आता तेका आणखी इचारू नकात, भाऊ," दाजी पाषाणाला पाठ न दाखवता उठले. "देव दमलो."

आई जमिनीवरूनच म्हणाली, "बसांदे तेका."

*

घरी येताना बाबा आणि गंगारामकाका पुढे निघून गेले. मी आणि आई शेताच्या बांधावरून मागे. भात कापून झालेलं होतं, नुसते खुंट. आईचं पाऊल हलकं पडत होतं. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"शरू. खऱ्यानच ऐकाक येवक नाय तुका?"

"नाय, आये."

"जराय नाय?"

"नाय गे."

ती पुन्हा चालू लागली. थोडं पुढे जाऊन म्हणाली, "बरा झाला." आणखी थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "इतक्या मोठ्यान मारलंय मी. पलीकडच्या वाडयेतली माणसां भायेर इली बघूक. घसो बसलो माझो दोन दीस. आणि तुका म्हणे जराय नाय."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

"औंदा मी येतंय तुझ्यावांगडा," ती म्हणाली.

"कित्याक?"

"घराकडे रवलंय तर तोंड उघडतला माझा. माका माझो भरवसो नाय."

*

त्या वर्षी मी दिवसा नोकरी, रात्री अभ्यास असं केलं नाही. बाबांनीच कंत्राटदाराकडे जाऊन माझं काम सोडवून आणलं. फेब्रुवारीत पुन्हा गोवा, पुन्हा एक कॉलेज, या वेळी तळमजला. आई फाटकाशी एका झाडाखाली बसली. मी आत गेले तेव्हा तिने मान हलवली, बोलली काही नाही. गाडीतही बोलली नव्हती.

पेपर अर्ध्यावर आला आणि मी अडले. अडणार हे ठरलेलंच होतं. पेन्सिल खाली ठेवली आणि वाट पाहिली.

वर्गात पंखा होता. पेन्सिलींची कुरकुर होती. कुणीतरी खोकलं. त्यापलीकडे काही नव्हतं. मी कान दिला, मान थोडी वळवलीसुद्धा. काही नाही. इतकी मोकळी, इतकी पोकळ शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. हाकेची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या शांततेची वाटली. त्यात मला परत बोलावणारं कुणीच नव्हतं. त्या गणितापाशी बसून राहण्यात काही अर्थ उरला नव्हता.

मी पान उलटलं. पुढचं गणित मला येत होतं.

सुटून बाहेर आले तेव्हा फाटकावरचा रखवालदार माझी वाटच बघत होता. म्हातारा, गोव्याकडचा.

"ती बसली हा ती तुझी आई?"

"हो. काय झालं?"

"तिका काय जाता गो? बरी मां?" तो काळजीने म्हणाला. "तू भितर गेलीस तेव्हासून पदराचो बोळो करून तोंडात घातलो हा. इतक्या वतात, उन्हात. मी उदक हाडून दिलां, घेना. उलयलां, जबाब दिना. लोक वळान बघतात. मी म्हटलां, वेडी बिडी..."

मी झाडाकडे धावले. आई तशीच बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, पदराचा बोळा दातांत गच्च धरलेला. गाल आत गेले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नव्हतं. हात गुडघ्यांवरून काढले तर बोळा सुटेल असं तिला वाटलं असावं.

"आये, झाला. संपलो पेपर. काढ ता."

तिने माझ्या मागे बघितलं. इतर मुलंही बाहेर येत होती. ती सगळी बाहेर येईपर्यंत ती थांबली. मग बोळा काढला. पदर लाळेने भिजून काळपट झाला होता, आणि दातांच्या जागी विरला होता. मी बाटली पुढे केली. ती घटाघट प्याली, मध्ये श्वास न घेता, पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ. ताप उतरल्यावर लहान मुलाकडे बघतात तसं.

"आता तू जातलंस," ती म्हणाली.

निकालाला अजून महिना होता.